चेंडू मीच भिजत घालत होते

डूगलसाहेब,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे मराठीत लिहायचं धाडस करतेय. आपण इतकी वर्षं बोललो ते हिंदीत, आणि तेही असं हिंदी की आपला दूधवाला कानाला हात लावायचा. तुमचं हिंदी स्कॉटलंडचं आणि माझं कोल्हापूरचं. लखनौला मानक नगरच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीत माझ्याहून वाईट हिंदी बोलणारे तुम्ही एकटेच होतात. त्यामुळे तुमच्याशी बोलायची मला कधी लाज वाटली नाही. बाकीच्या बायकांसमोर तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात तीनदा घोळवायची.

तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. तुमच्यात तेरावं घालत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी मी दिवस मोजले. सकाळी वाटीभर खीर केली आणि तुमच्या नावाने फाटकाबाहेर गाईला घातली. तुमच्या पाद्रीबाबांना आवडणार नाही कदाचित, पण मला दुसरं काही येत नाही.

सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतायत. मीही बोलेन, बोलायला खूप आहे. पण खरं सांगते, साहेब, मला भीती वाटतेय. तुमच्या जाण्याचं दुःख आहे ते वेगळं, ते बाजूला बसून राहतं बिचारं. भीती मात्र कामाला हात लावू देत नाही. तुम्हाला जे झालं ते ह्यांना होणार नाही ना, एवढा एकच प्रश्न आहे, आणि तो विचारायला आता तुमची बायको मेरीही नाही, तुम्हीही नाही.

आम्ही इथे आलो तेव्हा हे कसे होते ते तुम्ही पाहिलंय. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळलेला माणूस. रविवारी मॅच असली की अर्धी पेठ ह्यांच्या नावाने घसा बसवायची. सेंटर हाफ. इकडे रेल्वेच्या संशोधन खात्यात नोकरी लागली आणि ती कसली, तर मालगाडीचा डबा डब्यावर आदळला की किती धक्का बसतो ते मोजायचं. दिवसभर धक्के मोजायचे आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचं. सुनीता तेव्हा रांगत होती. मी माझ्या आईला पत्रात सगळं छान आहे म्हणून लिहायची आणि पाकीट चिकटवताना रडायची.

मग एका संध्याकाळी तुम्ही आमच्या क्वार्टरसमोरच्या मैदानात उभे दिसलात. लालबुंद तोंड, अर्धी चड्डी, एक गुडघा वाकडा. कुणीतरी म्हणालं, हे दुग्गल साहब. मला वाटलं पंजाबी असतील. ह्यांना कुणीतरी तुमची कथा सांगितली आणि हे चहा टाकून पळत गेले. ब्रेक तपासायच्या मशीनबरोबर विलायती कंपनीने पाठवलेला फिटर, लखनौच्या मेरीशी लग्न करून इथेच राहिलेला, ती गेल्यावरही परत न गेलेला, आता एका शाळेत पोरांना खेळ शिकवणारा आणि तेलीबागेत दोन खोल्यांत राहणारा. आणि त्याच्या आधी? त्याच्या आधी खराखुरा धंदेवाईक फुटबॉलपटू, सेंटर फॉरवर्ड, स्कॉटलंडच्या पहिल्या डिव्हिजनचा. ह्यांनी त्या दिवशी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माझ्या नवऱ्याला तुम्ही परत माणसांत आणलंत, हे मी कधीच विसरणार नाही.

दर रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला येऊ लागलात. तांबड्या रश्श्याने तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी वाटी पुढे करायचात. आणि जेवणानंतर तुमची कारकीर्द. इंजिनांच्या कारखान्यात शिकाऊ फिटर असताना शनिवारी अर्धा दिवस काम करून, हाताला काळं ग्रीस तसंच ठेवून मैदानावर जायचात ते. तुमच्या आधीच्या, दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबाचा मैदानमाळी मैदानावरच मेंढ्या चारायचा, त्यामुळे तुम्ही हेडर मारून पडलात की तोंडात काय जाईल याचा नेम नसायचा, ते. तुमच्या ट्रेनरची बादली आणि स्पंज. हाड मोडो, ओठ फुटो, औषध एकच, गार पाण्याचा स्पंज. एकदा गोलकीपरचा गुद्दा कानशिलावर बसून तुम्ही आडवे झालात, स्पंज फिरवला, उठलात, खेळलात, आणि दुसऱ्या हाफचं तुम्हाला काहीसुद्धा आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलंत की विजयी गोल तुम्हीच केलाय. ही गोष्ट आम्ही कितीदा ऐकली आणि कितीदा हसलो. हे तर ताट सरकवून हसायचे. आता ती कुणी काढली की मी आत निघून जाते.

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं, चेंडूचं. लखनौची हवा कोरडी, चामडं कडक आणि हलकं. तुमच्या मते सुक्या चेंडूने खेळणं म्हणजे पोरखेळ. "भाभी, हमारे मुल्क में बॉल कभी सूखा नहीं मिला," म्हणालात, आणि चेंडू भिजवायला पाणी हवं म्हणून मैदानाजवळचा नळ शोधलात, तो नेमका आमच्या अंगणातला. पहिल्या दिवशी माझ्या न्हाणीघरातल्या बादलीत तो चामड्याचा गोळा बघून मी केवढी कडाडले होते. मग अमीनाबादेतून एक वेगळी जस्ताची बादली आणली, आपण तिघं गेलो होतो, आणि त्या दुकानदाराशी तुम्ही घासाघीस केलीत, ती ऐकायला शेजारचे दुकानदार गोळा झाले. तेव्हापासून रोज दुपारची जेवणं झाली की मी चेंडू बादलीत टाकायची. वर एक पाटा ठेवायची, तरंगू नये म्हणून. साबुदाणा भिजत घालावा इतक्या सहज. संध्याकाळी तो उचलायला दोन हात लागायचे.

आणि मग ते हेडर. आधी तुम्ही ह्यांना फेकायचात, मग हे तुम्हाला. साठ झाले की पाणी प्यायचं आणि आणखी साठ. मी ओट्याशी पोळ्या लाटता लाटता आवाज ऐकायची. तुम्हाला म्हटलं होतं, डोकं विचार करायला असतं. तुम्ही म्हणालात, "सेंटर फॉरवर्ड का नहीं, भाभी." कपाळावर लाल वर्तुळ घेऊन हे घरात यायचे आणि वर रुबाबात आरशात बघायचे. मी रागावायची, पण नवरा हसतोय म्हणून आतून खूशही असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चेंडू पुन्हा बादलीत. मी एकदाही विसरले नाही. एखाद दिवशी विसरले असते तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

चांगलंही लिहायला हवं. तुम्ही तयार केलेल्या आपल्या कॉलनीच्या टीमने एका कारखान्याच्या टीमला हरवलं त्या दिवसाचं लिहिते. तुमच्याकडे देशाकडून खेळला की माणसाला टोपी देतात, हे तुम्ही सांगितलं होतंत. तुमची एकदा राखीव म्हणून निवड झाली, तुम्ही नवा कोट शिवून गेलात, नव्वद मिनिटं बाकावर बसलात आणि आपल्या घरी परत आलात. राखीव माणसाला टोपी नाही. ही एकच गोष्ट तुम्ही न हसता सांगायचात. म्हणून मी अमीनाबादेतून पांढरी दुपल्ली टोपी आणली, चिकनकाम केलेली, आणि मॅच संपल्यावर ह्यांनी ती तुमच्या डोक्यावर ठेवली. तुम्ही ती काढून उलटसुलट पाहिलीत, पुन्हा घातलीत आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिलात. पोरं टाळ्या वाजवत होती. तुमचे खांदे हलत होते ते मी पाहिलं.

पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं, साहेब. ते मी कुणाला सांगितलं नाही, तेच मला खातंय.

तुमची सेमीफायनलची गोष्ट मला तोंडपाठ होती. पाऊस, चिखल, शेवटची पाच मिनिटं, डाव्या विंगेकडून तुमच्या दोस्ताने उंच टाकलेला चेंडू, आणि तुम्ही समोरच्या दोघांच्या मधून उडी मारून डाव्या भुवईने, हो, कपाळाने नाही, भुवईने, आत ढकललेला. एका रविवारी तो चेंडू उजवीकडून आला. मी म्हटलं, "साहब, लेफ्ट से ना?" तुम्ही म्हणालात, "हाँ हाँ, लेफ्ट." पुढच्या रविवारी पुन्हा उजवीकडून. मी टोकलं नाही. मग थंडीत एकदा तुम्ही गोष्ट अर्ध्यात थांबवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि हळूच विचारलंत, "भाभी, वो गोल हुआ था ना?"

मी कोल्हापूरची बाई. तो देश मी नकाशातही नीट बघितलेला नाही. त्या मॅचची साक्षीदार मी कशी झाले, सांगा. मी म्हटलं, "हुआ था. आपने ही किया." तुम्ही एवढा मोठा सुस्कारा सोडलात. हे हसले, म्हणाले साहेब थट्टा करतात. मी वाट्या उचलून आत गेले आणि मोरीपाशी नुसती उभी राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही मला सरळ विचारलं होतंत. हे घरी नव्हते, गाडीच्या ट्रायलसाठी लाइनवर गेले होते. तुम्ही पायरीवर बसला होतात, चेंडूच्या शिवणीला मेण लावत. "भाभी, सच बताइए. हम में कुछ फर्क आ गया है?" मी म्हटलं, "नहीं तो. कुछ भी नहीं." इतकं पटकन म्हटलं की तुम्ही वर बघितलंत. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा तुम्ही ऐकू शकत होतात, तिकडे स्कॉटलंडातल्या बहिणीला पत्र लिहू शकत होतात, डॉक्टरकडे स्वतःच्या पायाने जाऊ शकत होतात. तुमच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभच उचलली नाही. मी याला दया म्हणत होते. भित्रेपणा होता तो.

आणि ते मे महिन्यातलं. तेही आज सांगून टाकते, ह्यांनाही ठाऊक नाही. दुपारची भाजणारी लू वाहत होती, सगळी दारं बंद. व्हरांड्याच्या सिमेंटवर खडखड आवाज आला. दार उघडलं तर तुम्ही, पायात खिळ्यांचे बूट, अंगात स्वेटर. इंग्रजीत काहीतरी विचारत होतात, तुमच्या त्या गावाकडच्या इंग्रजीत, मला एक शब्द कळेना, फक्त बस, बस. टीमची बस कुठे गेली, असं विचारत होतात बहुधा. मी म्हटलं, "साहब, मैं भाभी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते अशा डोळ्यांनी की मला मागे सरायला झालं. मग तुम्ही उंबऱ्यात पाय टाकलात आणि मी दार लावून घेतलं. कडी घातली. सुनीताला आतल्या खोलीत नेलं. तुम्ही दारावर थापा मारत नव्हतात, ओरडत नव्हतात, नुसते उभे होतात त्या उन्हात. मी फटीतून बघत होते. दूधवाल्याने येऊन तुमचा हात धरला आणि सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. जे मी करायचं ते त्याने केलं. आमच्या ताटात इतकी वर्षं जेवलेल्या माणसाला मी घाबरले, साहेब. मला माफ करा.

पुढे आम्ही तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तुमच्या डोक्याचे फोटो उजेडासमोर धरले आणि ह्यांना विचारलं, "ये बॉक्सिंग करते थे?" हे म्हणाले, "नहीं, फुटबॉल." डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडासमोर धरले. मग म्हणाले, "हेडर बहुत मारते थे?" ह्यांनी होकाराची मान हलवली. डॉक्टर म्हणाले, पक्कं सांगता येत नाही, वय आहे, दारू नव्हती म्हणता, मुष्टियोद्ध्यांमध्ये असं दिसतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात स्वतःच्या कपाळावर होता, आणि आपण तिथे हात ठेवलाय हे त्यांना कळलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. चेंडूचं वजन, पाणी किती प्यायचा, किती वेगाने यायचा. आयुष्यभर धक्के मोजलेला माणूस, घराच्या दारातला जो धक्का मोजायचा राहिला होता तो त्या दिवशी मोजत होता. अर्ध्या तासाने कागद फाडला. मी विचारलं, "किती आलं?" म्हणाले, "काही नाही. युनिटं जुळत नाहीत." ह्यांची युनिटं जुळली नाहीत असं मी संसारात पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून मी ह्यांच्यावर पहारा करते. हे वाईट आहे, मला कळतं. दिवाळीच्या आधी हे स्कूटरवरून अमीनाबादेत गेले आणि रिक्षाने परत आले. फाटकातली रिकामी जागा बघून ह्यांना आठवलं की स्कूटर तिकडेच राहिली. शेजारचे इंजिनिअर पोट धरून हसले, म्हणाले, "अरे यार, साइंटिस्ट लोग ऐसे ही होते हैं." मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन बसले. जेवताना हे एखादी गोष्ट सांगतात आणि सुनीता, जी मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देते ती, म्हणते, "पापा, ये तो आप कल भी बता चुके हैं." हे म्हणतात, "अच्छा?" आणि मी भाताकडे बघत राहते. पन्नाशीला आलेला माणूस गोष्टी दोनदा सांगतो. माझे वडीलही सांगायचे, आणि त्यांनी जन्मात कधी चेंडूला डोकं लावलं नव्हतं. असं मी मनाला समजावते. पाच मिनिटं पुरतं.

रविवारी मैदानात तुमची शोकसभा झाली. छान ऊन होतं, सतरंज्या अंथरल्या होत्या, जुनी सगळी पोरं आली होती, काहींना टक्कल पडलंय. ह्यांना बोलायला उभं केलं. हे तुमची सेमीफायनल सांगायला लागले. पाऊस सांगितला, चिखल सांगितला, आणि म्हणाले, "फिर राइट विंग से क्रॉस आया." आणि थांबले. किती वेळ थांबले सांगू? समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, त्यांना वाटलं गळा दाटला. मला फक्त ऐकू आलं ते राइट. तुम्ही आधी डावीकडून सांगायचात, मग उजवीकडून. ह्यांनी तुमची कुठली गोष्ट लक्षात ठेवली, आणि तिथे पुढचं का सुचेना, हे मला कोण सांगणार? मी सतरंजीचे धागे धरून बसले होते. शेवटी हे म्हणाले, "गोल हुआ," आणि खाली बसले.

तुमचं पहिलं काय होतं, साहेब? चेंडू उजवीकडून आला, त्याच्या आधी तुम्हाला एकट्याला काही कळलं होतं का? किल्ली, चष्मा, मेरीचा वाढदिवस? तुम्हाला भीती वाटली होती का, की ती फक्त आजूबाजूच्या माणसांनाच वाटते? एवढं तरी विचारून ठेवायला हवं होतं.

आज सकाळी हे बूट घालत होते. नाडी बांधून झाली तरी तसेच वाकून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तुला मी कधी विचारलं नाही. पण माझ्यात काही फरक दिसला तर तू मला सांगशील ना? लपवू नकोस. मला वेळ असताना कळायला हवं." मला बरं वाटलं. ह्यांनाही तीच भीती आहे, आता दोघं मिळून घाबरू. मी त्यांच्याजवळ खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सांगेन. शप्पथ सांगेन." हे हसले. मग ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले, हात-पाय धुतले, खुर्चीत बसले. मी मेथी निवडत होते. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हे तुला मी कधी विचारलं नाही. पण माझ्यात काही फरक दिसला, तर तू मला सांगशील ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "हो, सांगेन." आणि मेथी निवडत राहिले.